मोतिया आला वाटते

माझ्या नखांचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी सांगायला नको. दीड वर्ष मी जांभळी नखं मिरवली. जांभळी म्हणजे पिकल्या जांभळासारखी, चकचकीत, दुचाकीवाल्याने वळून पाहावं अशी. आणि मी समजत होते, ती तपकिरी आहेत. वयाला शोभेलशी, सभ्य, चहाच्या रंगाची तपकिरी. बागेत फिरायला माझ्याच वयाची एक बाई यायची, तिची नखं लालभडक. तिच्याकडे पाहून मी सोबतच्या बायांना म्हणत असे, "काय बाई एकेक, वय विसरतात." आणि म्हणताना हात नाचवत असे. त्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला वाटायचं, माझ्या बोलण्याला हसतात.

आता हा घोळ माझ्याच बाबतीत व्हावा हे जरा जास्तच झालं, कारण घरात रंगाचा शेवटचा शब्द माझा. माझं माहेर नागपूरजवळच्या खाप्याचं. वडील विणकर, घरातच हातमाग. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, ते एक रंग लावायचे आणि बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, दुसरा. कापड हललं की रंग पालटायचा. त्याला धूपछाव म्हणतात. सुताच्या लडी निवडायचं काम माझ्याकडे होतं. सारख्या दिसणाऱ्या दोन हिरव्या लडी मी आठव्या वर्षी वेगळ्या करत असे आणि वडील म्हणत, "पोरीच्या डोळ्यात तराजू हाय." हे त्यांनी म्हणायला नको होतं. पुढची साठेक वर्षं ते वाक्य मी लोकांना ऐकवलं.

लग्न होऊन नागपुरात आले तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि माझ्याइतकी शहाणी मुलगी अख्ख्या विदर्भात नाही अशी माझी खात्री होती. इतवारीच्या बाजारात ब्लाउजपीस घ्यायला गेले की दुकानदार आधीच चपला शोधत असेल. दुकानात ट्यूबलाइट, आणि ट्यूबलाइटवर माझा विश्वास नाही. "उजेडात चला," म्हणून मी कापडाचं एक टोक धरून चालायलाच लागायची. दुसरं टोक दुकानदाराच्या हातात, मधे सायकली, रिक्षा, एखादी गाय. एकदा अलीकडे सावली होती म्हणून कापड रस्त्याच्या पलीकडे नेलं. इतकं करून "आता नको, उद्या पाहू" म्हणून घरी आले ते वेगळंच. मला येताना पाहून ते लोक एकमेकांना खुणावायचे, "आल्या उजेडवाल्या बाई." मी हे कौतुक समजत असे. तेव्हा मला सगळंच कौतुक वाटायचं.

याच दुकानात मी सासूबाईंचं जे केलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्यांना लुगडं घ्यायचं होतं. दुकानदाराने एक निळं टाकलं, एक हिरवं. सासूबाई दोन्हीवरून हात फिरवत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "दोन्ही एकच दिसते वं मले." मी दुकानदाराकडे पाहून हसले. म्हणजे, पाहा बुवा, निळं-हिरवं कळत नाही आणि निघाल्या लुगडं घ्यायला. सासूबाईंनी डोळे चोळले, दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मोतिया आला वाटते."

आमच्या नागपुरात हिंदी मराठीत अशी मिसळली आहे की मोतीबिंदूलाही मोतियाच म्हणतात. पण माझ्या डोक्यात रंगांशिवाय काही नव्हतं. मोतिया म्हणजे मोत्याचा रंग, साईपेक्षा जरा उजळ. मी तडक दुकानदाराला म्हटलं, "मोतिया आला का हो नवा? दाखवा नं, आम्हाला काहून नाही दाखवला?" त्याने बिचाऱ्याने मोतिया लुगड्यांचा ढीग ओतला. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यातलं एक उचलून म्हणाल्या, "दे बाप्पा हेच."

दोन महिन्यांनी जिन्याची शेवटची पायरी त्यांना दिसली नाही आणि डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी माफीबिफी मागितली नाही. विसाव्या वर्षी माफी मागायची असते हे मला माहीतच नव्हतं. सासूबाईंनी मात्र त्याची किंमत वसूल केली. घरी कोणीही आलं की चहाच्या आधी गोष्ट तयार: "मले डोळ्यात मोतिया आला, तं माह्या सुनेनं मले मोतिया लुगडं घेऊन देल्लं!" आणि ते लुगडं नेसूनच सांगायच्या.

तर आता नातीकडे येते.

माझी नात मेकअप करते. स्वतःचा नाही, लोकांचा. कोर्स केला, मग एका पार्लरवाल्या बाईंच्या हाताखाली दोन वर्षं पिना धर, पफ धुऊन आण, असं केलं. यंदा तिला पहिली नवरी एकटीने मिळाली. मुलगी जवळच्या मौदा गावची. रविवारी ट्रायल, म्हणजे रंगीत तालीम. ती पसंत पडली तर लग्नाचा मेकअप हिचा, नाहीतर नवरी परत पार्लरवाल्या बाईंकडे आणि आमची पोरगी परत पिना धरायला. पोरीला चार दिवस जेवण जात नव्हतं.

नवरीच्या आईने शालूच्या कापडाची चार बोटांची कतरण पाठवली होती. तिला जुळेल असं नेलपॉलिश आणि डोळ्यांवरचे रंग निवडायचे होते. नातीने तिची सगळी दौलत जेवणाच्या टेबलावर मांडली. नेलपॉलिशच्या काही बाटल्या तर अत्तराच्या वाटाव्यात अशा. आणि आयशॅडोची एक मोठी पॅलेट, परदेशी, इतकी भारी की उघडताना नात आधी हात पुसते. मिटली की टक् असा आवाज येतो, चांगल्या गाडीच्या दारासारखा. आतला आरसा माझ्या लग्नात मिळालेल्या आरशाहून चांगला. किंमत तिने सांगितली नाही, मी विचारली नाही. म्हणून रात्री दोघींना झोप लागली.

त्या रंगांची नावं मोठी विनोदी. रंगाचं नाव सोडून सगळं लिहिलेलं. एकाचं नाव इंग्रजीत 'मंगळवारचा पश्चात्ताप'. मी म्हटलं, "याच्यावरून काय समजायचं वं? कुंकू की कोळसा?" म्हणून आम्ही दोघींनी त्यांची बारशी केली. एक कांद्याची साल. एक भाजून सोललेलं वांगं. एका बाटलीतला लाल असा होता की वर केशरी तेल तरंगल्यासारखं दिसायचं, त्याचं नाव तर्री. वरच्या ओळीत डावीकडून दुसरा, तो मोतिया. नातीने चिठ्ठ्या लिहून खाली चिकटवल्या.

पोताची परीक्षा मी बोटांनी घेतली. मॅट म्हणजे ज्वारीचं बारीक पीठ, बोटाला लागतं पण चमकत नाही. सॅटिन म्हणजे दुधाची साय. ग्लिटरचा एक चौकोन होता, त्याला अंगठा लावला आणि म्हटलं, "हा काचकागद होय. हा पापणीले लावशील तं नवरी पाठवणीच्या आधीच रडते."

"आजी, तो सगळ्यात महाग आहे!"

"मंग सगळ्यात महाग काचकागद होय."

नेलपॉलिशचं तसंच. स्वस्तातलं लावलं की ब्रशच्या रेघा राहतात, घाईत चुना मारलेल्या भिंतीसारख्या. चांगलं असलं की आपोआप सपाट बसतं. एक जेली नावाचा प्रकार असतो, त्यातून खालचं नख दिसतं, मुरंब्याच्या पाकातून फोड दिसावी तसं. ते मला एकदम आवडलं, पण नवरीचं नख पाकातलं कशाला, म्हणून बाजूला ठेवलं. मग नातीने पॅलेटमधल्या एका चौकोनावर बोट टेकवून मनगटावर ओढलं आणि मनगट फिरवलं. रंग पालटला.

"याला ड्युओक्रोम म्हणतात," ती म्हणाली.

"याला धूपछाव म्हणतात," मी म्हटलं. "माह्या बापाच्या मागावर होता हा. तुह्या कंपनीवाल्यायले आता सुचला."

आता कतरण. शालूही धूपछावच. मी ती दोन बोटांत धरली, तिरकी केली, वडिलांसारखी मान वाकडी केली आणि निकाल दिला. "ताणा तपकिरी, बाणा हिरवा."

नात म्हणाली, "आजी, जांभळा नाही का गं तो?"

"जांभळा?"

"मले तं जांभळा दिसून राहिला."

"ट्यूबलाइट आहे नं वर. उजेडात चल."

गॅलरीत गेलो. ऊन चांगलं होतं. मी कतरण उन्हात धरली, तपकिरीच होती. खात्री म्हणून माझ्या नखाशी लावली. एकजीव! कुठे कापड संपतं नि कुठे नख सुरू होतं, कळेना. "हे पाह्य," मी म्हटलं, "माह्यं नख तपकिरी, हे बी तपकिरी. झालं?"

तिने माझ्या नखाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि कतरण पाकिटात ठेवून दिली. तिला पटलं असं मी धरून चालले.

पॅलेटमध्ये मनासारखा तपकिरी धूपछाव नव्हता. म्हणून शनिवारी आम्ही मॉलमध्ये गेलो. तिथे त्या दुकानात इतके दिवे की चोराची सावली पडू नये. काउंटरवरची मुलगी गोड होती, तिच्या एकेका नखाला एकेक रंग. तिने कतरण पाहिली, माझे हात पाहिले आणि टाळीच वाजवली. "अरे, आजींनी तर मॅचिंग लावूनच आणलंय! काय सुंदर पर्पल आहे, आजी! कोणता शेड?"

मी मागे वळून पाहिलं, दुसरी कोणी आजी उभी आहे का. नव्हती.

"तपकिरी आहे तो," मी म्हटलं.

मुलगी नातीकडे बघायला लागली. नात बाटल्या बघायला लागली. मी मुलीला म्हटलं, "नेलपॉलिशचे दोन टेस्टर दे. एक तुझा पर्पल, एक तपकिरी. इथे दिवे फार आहेत." आणि दोन्ही घेऊन दाराकडे चालू पडले. सवय हो! पन्नास वर्षांत दुकान बदललं, पाय तेच.

दारावरचा गार्ड पुढे आला. "माताजी, टेस्टर बाहर नहीं ले जाते."

"बाहर नहीं जा रही बेटा, सिर्फ उजेड में जा रही."

दार आपोआप उघडणारं. मी अर्धी आत, अर्धी बाहेर, हात लांब करून उन्हात. दार मिटायला यायचं, मला पाहून परत उघडायचं, परत यायचं. आतला एसी बाहेर आणि बाहेरची धूळ आत. मी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी धरल्या. दोन्ही तपकिरी. डावीकडची उजवीकडे घेतली. दोन्ही तपकिरीच. एक डोळा मिटला, दुसरा मिटला.

"यातली पर्पल कोणती?" मी विचारलं.

"अगं आजी, ही नं! ही कॉफी, आणि हे जांभूळ. काय तू पण," मागोमाग आलेली नात म्हणाली.

खरं सांगते, थाप माझ्या जिभेवर आली होती. 'कंपनीने लेबलं चुकवली.' विसाव्या वर्षीची मी असते तर हेच म्हटलं असतं, शिवाय मालकाला बोलावून घेतलं असतं. पण उद्या रविवार होता आणि पोरगी चार दिवस जेवली नव्हती. ते दार तिसऱ्यांदा माझ्या खांद्यापर्यंत आलं नि मागे गेलं, आणि मला इतवारीचं दुकान आठवलं, आणि दोन लुगड्यांवरून फिरणारा हात.

"दोन्ही एकच दिसते वं मले," मी म्हटलं. "मोतिया आला वाटते."

नात म्हणाली, "मोतिया नको गं, तो आहे नं घरी. वरच्या ओळीत, डावीकडून दुसरा."

मी हसायला लागले. इतकी हसले की खाली बसावं लागलं, तिथेच, दाराच्या रुळाजवळ. गार्ड घाबरला. "माताजी को पानी दो," म्हणून ओरडला, स्वतःचं स्टूल घेऊन आला. नात बाटली धरून उभी, तिला काही समजेना. मग मी बोटाने डोळा दाखवला आणि तिचा चेहरा पडला.

"हा मोतिया?" ती म्हणाली.

"हाच. खानदानी आहे."

स्टुलावर बसूनच चौकशी झाली. कळलं ते असं. माझी नखं जांभळी आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी दुकानातून बाटली आणली तेव्हाच मुलगा म्हणाला होता, "आईले हौस आली वाटते, कोणी काही बोलू नका." बिल्डिंगमधली लेकरं मला जांभळी आजी म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण दर हंगामात मी त्यांना जांभळं वाटते म्हणून म्हणत असतील, असं वाटायचं.

"पण कतरणीचं तुले दिसत होतं नं जांभळं?" मी विचारलं. "मंग काहून नाही भांडली? उद्या तपकिरी लावली असती नवरीले?"

"तू म्हटलं असतं तं लावली असती."

"काहून वं?"

"तुझ्या डोळ्यात तराजू हाय नं," ती म्हणाली.

ती चिडवत नव्हती. हे वाक्य मीच तिला लहानपणापासून, घास भरवताना, वेणी घालताना ऐकवलेलं, आणि पोरीने ते खरं मानलं होतं. हिच्या पहिल्या नवरीला मी माझ्या बढाईपायी चहात बुडवलं असतं, आणि हिने ते निमूट केलं असतं. मी गार्डचं पाणी सगळं प्यायले.

घरी येताना रिक्षात करार झाला. "रंग तुझा, पोत माझा. रंगात मी बोलली तं मले चूप कर."

रविवारी मौद्याच्या मायलेकी आल्या. मी कोपऱ्यात पॅलेट मांडीवर घेऊन बसले, तोंडाला कुलूप लावून. नातीने एका पापणीवर जांभळा घेतला, हिरवा घेतला, ब्रशने दोन्ही घोटले आणि चेहरा कसनुसा केला. मला तर चिखलच दिसत होता, पण आता माझ्या दिसण्याला काय अर्थ! नवरीच्या आईलाही तो चिखलच दिसला असावा, कारण ती म्हणाली, "पार्लरवाल्या ताई काय लावतात वं डोळ्याले?" नातीने ब्रश खाली ठेवला.

"ताणा कोणता?" मी कोपऱ्यातून विचारलं.

"अं?"

"ताणा वं, ताणा. उभा धागा. तुले कोणता दिसते?"

"जांभळा."

"मंग त्याचा माग लाव आधी. मॅट, कोरडा, साऱ्या पापणीवर. हिरवा त्यात घोटू नको. ताणा अन् बाणा कधी घोटतात का? विणतात."

तिने पापणी पुसली. कोरडा जांभळा लावला, पिठासारखा, सपाट. तोवर मी हिरव्या धूपछावचे तीन चौकोन अंगठ्याने चोळून पाहिले. एक रवाळ. एक बरा. तिसरा बोटाला लागला की नाही कळेना, इतका मऊ. तो पुढे केला. "हा. अन् ब्रशनं नाही, बोटानं. मधोमध टेकवायचा फक्त, ओढायचा नाही."

तिने टेकवला. एकदा, दोनदा. मग नवरीला म्हणाली, "खाली बघ. आता वर."

नवरीची आई पुढे वाकली. म्हणाली, "अवं माय, हलला की वं रंग! शालूसारखाच!"

नवरीने आरसा हातात घेतला आणि किती वेळ नुसती पापण्या मिटत-उघडत बसली. शेवटी म्हणाली, "ताई, लग्नालाही असंच करा. आणि नखांना..." ती माझ्याकडे वळली. "आजींनी लावलंय ते."

नात माझ्याकडे बघेना. मीही तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघी फुटलो असतो. मी अगदी गंभीरपणे हात पुढे केले आणि म्हटलं, "हा तपकिरी म्हणते का तू?" नवरीच्या आईला वाटलं, आजी फार विनोदी आहेत.

लग्न झालं, मेकअप झाला, त्यानंतर नातीकडे आणखी दोन नवऱ्या आल्या. मग माझी पाळी. ऑपरेशनच्या आधी नर्सने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा म्हणून एका नखाचं पॉलिश पुसायला घेतलं आणि म्हणाली, "आजी, काय शौकीन आहात!" दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. पहिल्यांदा दिसला नर्सचा कोट. इतका पांढरा कोट मी किती वर्षांत पाहिला नव्हता. डावा, जुना डोळा उघडला तर तोच कोट मोतिया. तेव्हा सासूबाईंच्या लुगड्याचं खरं कळलं. त्यांना तेव्हा सगळं पांढरं मोतियाच दिसत असणार. जगात ज्या रंगाची त्यांना काही कमी नव्हती, नेमका तोच मी आग्रहाने घेऊन दिला होता.

मग स्वतःची नखं पाहिली. अगं बाई बाई बाई.

नात आता नव्या नवरीला गोष्ट सांगते, डोळ्यांवर हात चालू असतानाच: "आजीले मोतिया आला, तं मी तिले पॅलेटमधला दुसरा चौकोन दाखवून राहिली होती!" मी शेजारी बसून पोत तपासत असते आणि माझ्या वाटणीचं हसते. गोष्ट सांगत बसायचा हक्क तेव्हा सासूबाईंचा होता, आता तिचा आहे.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढल्या महिन्यात आहे. तोवर नातीने डाव्या हाताची नखं जांभळीच ठेवली आणि उजव्या हाताला मोतिया रंगाचं पॉलिश लावलं. तो हात घेऊन मी मुद्दाम बागेत गेले आणि त्या लाल नखांच्या बाईशेजारी जाऊन बसले. बोलायचं बरंच होतं. सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून दोन्ही हात तिच्यापुढे धरले.

तिने नीट पाहिले. "छान आहेत," ती म्हणाली. "पण असे दोन हातांचे दोन रंग काहून?"

"एकच डोळा झाला अजून," मी म्हटलं. "तुमचा लाल कोणता हो? आमच्या घरी त्याला तर्री म्हणतात."